मन्मथच्या दिवसाचा पिक्चर

लातूरच्या आमच्या घरात माझ्या भावाच्या, मन्मथच्या, स्मरणाच्या दिवसाला विनोदी इंग्रजी पिक्चर लावतात. हसायचं असेल तर हसा. शेजारपाजारच्यांनी वीस वर्षं नावं ठेवून झाली आहेत, त्यात तुमची भर पडली तर माझं काही बिघडत नाही. संक्रांत झाली की चौथ्या दिवशी सकाळी जंगमस्वामी येतात, पूजा होते, पाच माणसं जेवून जातात. मग दुपारी बाहेरच्या खोलीचं दार लोटून आम्ही बसतो आणि अमेरिकेतल्या पिट्सबर्ग नावाच्या पोलादाच्या शहरात एक भलामोठा ढोल उतारावरून गडगडत जाताना बघतो. त्या पिक्चरमध्ये माझा भाऊ आहे. म्हणजे आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

यंदा दिवाळीनंतर अप्पांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. अप्पा म्हणजे माझे वडील, चौऱ्याऐंशी वर्षांचे. आई गेल्यापासून लातूरच्या घरात एकटेच असतात. मी नांदेडला असते, शाळेत इंग्रजी शिकवते. डोळ्यांची पट्टी निघाली त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"लई साफ दिसून राहिलं गं," ते म्हणाले. "भिंतीवरची पाल सुदीक दिसायली. औंदा पोराला नीट बघतो."

एवढंच. औंदा पोराला नीट बघतो. मन्मथ गेला तेव्हा त्याचं तोंड आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. तो तिकडेच गेला आणि तिकडेच त्याचं सगळं झालं. अप्पांना त्याला शेवटचं बघायचं राहून गेलं होतं, आणि ते त्यांना या पिक्चरमध्ये बघायचं होतं. डोळे त्यांनी बहुतेक त्यासाठीच करून घेतले. नाहीतर दहा वर्षं आम्ही मागे लागलो होतो आणि ते म्हणत होते, आता काय बघायचं राहिलंय.

आमची डाळमिल होती. होती म्हणायला जीभ अडखळते, कारण शेड अजून तिथंच आहे, घराच्या पुढच्या अंगाला. आता त्यात क्लासच्या पोरांची अभ्यासिका आहे. लाकडी खुराड्यांत मुलं माना खाली घालून बसलेली असतात आणि पंख्याशिवाय कसला आवाज नसतो. आमच्या लहानपणी या जागेत दिवसभर एवढा खडखडाट असे की घरात आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. लग्न होऊन मी नांदेडला गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, अगं, आम्ही बहिरे नाही. तुरीला तेलपाणी लावून गच्चीवर वाळत घालायचे. थंडीच्या उन्हात त्या तेलकट तुरीचा वास साऱ्या घरभर, अंथरुणात, आईच्या पदराला, माझ्या वेणीला. सालपटाची धूळ भुवयांवर बसून आम्ही दोघं भावंडं दिवेलागणीला म्हातारी दिसायचो. आई परातीत गरम पाणी घेऊन आधी मन्मथचं तोंड धुवायची, मग माझं. नेहमी आधी त्याचं. त्याचा राग मला तेव्हा यायचा, आता येत नाही.

तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. मी त्याला मन्या म्हणायचे आणि आईचा धपाटा खायचे. "अण्णा म्हण, जीभ झडंल का तुझी?" नऊ वर्षांचा असताना तो पोत्यांच्या थप्पीवरून पडला आणि डाव्या खांद्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण खांदा कायमचा उतरला. उभा राहिला की डावीकडे जरासा कलायचा. आईनं वर्षभर तीळतेल चोळलं, काही फरक पडला नाही. लांबून गर्दीत येताना दिसला की मी खांद्यावरूनच ओळखायची. आम्ही सगळेच खांद्यावरून ओळखायचो. हे लक्षात ठेवा, आमचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

आणि त्याचं हसणं! विनोद व्हायच्या आधीच हसायचा. समोरचा अजून "एकदा काय झालं" म्हणतोय तोवर हा पोट धरून खाली. अप्पा म्हणायचे, येडं हाय, याला हसायला कारण लागत न्हाई.

पुढे आम्ही दोघं शिकायला नांदेडला राहिलो. तो इंजिनिअरिंगला, मी इंग्रजी घेऊन बी. ए. ला. दोन खोल्या भाड्याच्या, पत्र्याच्या. उन्हाळ्यात पत्रा तापला की आम्ही ओली चादर अंगावर घेऊन अभ्यास करायचो. गल्लीत बहुतेक सगळी बंद पडलेल्या कापडगिरणीची माणसं. भोंगा कधीचा थांबला होता, तरी घरमालकीणबाई ठरल्या वेळी दारात येऊन उभ्या राहायच्या, नवरा पाळीवरून येणार असल्यासारखी मान वर करून बघायच्या आणि परत आत जायच्या. मला ते बघवत नसे. मन्मथ मात्र त्यांच्याशी गप्पा मारायचा, त्यांना हसवायचा.

रविवारी तो व्हिडिओ पार्लरला जायचा. तिथं इंग्रजी विनोदी पिक्चर लागायचे. मुलींनी तिथं पाय ठेवायची सोय नव्हती, म्हणून तो घरी येऊन मला अख्खा पिक्चर करून दाखवायचा. मी भाकरी थापतेय आणि हा लाटणं घेऊन ओट्यापुढे. साहेबाच्या तोंडी लातूरची भाषा. "ए शहाण्या, माझी गाडी कुठं ठिवलास बे?" माझी भाकरी तव्यावर करपायची. जळका वास, रॉकेलचा वास आणि त्याचं हसणं. त्या खोलीत मी जितकी हसले तितकी पुढे कधीच हसले नाही. नवऱ्याला हे आवडत नाही, पण खरं आहे ते खरं आहे.

मग तो गेला. पिट्सबर्गला. का गेला, कुणी पाठवलं, तिथं काय होतं, ते सांगत बसत नाही. तेव्हा सगळेच जात होते. नांदेडच्या स्टेशनवर आई त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून उभी होती आणि गाडी हलली तरी काढेना. मी ओरडले, "आई, सोड, पडशील!" माझ्या ओरडण्यानं तिनं हात काढला.

पत्रं तो फार लिहीत नसे. फोनवर "बरं हाय, बरं हाय" याच्यापुढे गाडी जायची नाही. पण पिक्चर पाठवायचा. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, 'इथं सगळे पोलादाचे कारखाने होते, आता बंद आहेत. रिकामं गाव बघून पिक्चरवाले येतात आणि विनोदी पिक्चर काढतात. आमच्या गल्लीत निम्मे लोक पडद्यावर येऊन गेलेत.' त्याच्या गावात काढलेल्या असल्या पिक्चरच्या कॅसेट तो पाठवायचा आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीत फक्त मिनिटं. 'बाराव्या मिनिटाला जाडा माणूस केकवर बसतो, त्याच्या मागची लाल विटांची इमारत, तिसरा मजला, माझी खोली.' 'चाळिसाव्या मिनिटाला कुत्रं बसमध्ये चढतं, तोच माझा बसथांबा.' 'तिसाव्या मिनिटाला पुलावरून म्हातारी चोर पळते, त्या पुलावरून मी रोज जातो.' ही त्याची पत्रं होती. अमेरिकेची कॅसेट आपल्या यंत्रावर धड चालायची नाही, चित्र सारखं वर पळायचं. मग मी ती नांदेडच्या एका दुकानात देऊन सीडी करून घ्यायची. दोनदा बदललेलं चित्र, दूध घातलेल्या पाण्यासारखं. पण दिसायचं.

आई घड्याळ लावून बसायची. जाडा माणूस केकवर बसला की ती त्याच्याकडे बघायचीच नाही. "सरक की मेल्या बाजूला," म्हणायची, "पोराची खिडकी झाकून राहिलास." मी चित्र थांबवायची. आई उठून पडद्याजवळ जायची, त्या खिडकीवर बोट ठेवायची. "पडदा लावलाय व्हय रे? कामून लावलाय? दुपारचा झोपलाय काय?" अप्पा मागून, "अगं, ते पिक्चर हाय, तो आत न्हाई." आई म्हणायची, "तुम्हाला काय ठाऊक?"

भाषांतर माझ्याकडे. नांदेडच्या खोलीत मन्मथ करायचा तसंच मी करायची. तिकडचे विनोद इकडे हसू आणत नाहीत, हे मला पहिल्याच पिक्चरला कळलं. मग मी माझेच घालायला लागले. पडद्यावरची बाई काय म्हणतेय कोण जाणे, मी सांगायची, "ती म्हणतेय, आठ दिवसांनी नळाला पाणी आलं आणि तू आंघोळ करत बसलास?" अप्पा खो खो हसायचे. "तिथं बी आसंच हाय म्हणा की!" खोटं बोलायची सवय मला तिथं लागली, आणि चांगलीच लागली.

शेवटचा पिक्चर आला तो येळवशीच्या सुमारास. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्याकडे त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जाऊन जेवतं, आंबील आणि भज्जी. त्याच्या आदल्या दिवशी मन्मथचा फोन. "आई, आंबील कुठल्या मडक्यात केलीस? त्या जुन्या? वास सांग, कसा येतोय." आई काय वास सांगणार? ती रडायला लागली आणि त्यानं विषय बदलला. म्हणाला, "पिक्चर पाठवलाय. ह्यात मी सोता हाय. ढोल शेवटी मैदानात येतो, तिथल्या गर्दीत. शोधा मला." मैदान भरायला पिक्चरवाल्यांना माणसं हवी होती. रविवारचा दिवस, जेवण फुकट, हा जाऊन बसला.

पिक्चर असा. एका बँडवाल्याचा ढोल गाडीतून निसटतो. ते गाव सगळं टेकडीवर वसलेलं, मग ढोल गडगडत सुटतो. बाजारातून, चर्चमधून, लग्नातून, तीन नद्यांच्या पुलांवरून, आणि बँडवाला धापा टाकत मागे. शेवटी तो मैदानात येऊन पडतो आणि हजारो लोक उभे राहून आरडाओरडा करतात. तो गर्दीचा तुकडा दहा-बारा सेकंदांचा.

आम्ही तिघं पडद्याला नाक लावून बसलो. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा आई ओरडली, "हा बघ! हा बघ माझा मन्मथ!" निळी टोपी घातलेला एक माणूस. तोंड म्हणजे नुसता फिकट ठिपका. पण डावा खांदा उतरलेला, डावीकडे कललेला.

अप्पा म्हणाले, "हाव गं. तोच."

मला खात्री नव्हती. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. मला वाटलं, जरा जास्तच रुंद आहे हा माणूस. पण मला साडेचारची नांदेडची बस पकडायची होती, माझा धाकटा मुलगा तापानं फणफणला होता घरी. मी म्हणाले, "हो हो, तोच." आणि पिशवी उचलली.

फोनवर आईनं त्याला विचारलं, "निळी टोपी ना रे?" आणि तो नेहमीसारखा आधीच हसायला लागला. "सापडलो ना आई तुला? मग बस्स झालं." हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. खोटारडा! तोही आणि मीही. एका आईच्या पोटची.

त्याच थंडीत तो गेला. त्याच्या खोलीतल्या तेलगू मित्राचा फोन आला. तो मुलगा हिंदी, इंग्रजी, तेलगू सगळ्यात एकदम रडत होता. कसं झालं ते मी लिहिणार नाही. मला स्वतःला धड ठाऊक नाही, आणि जेवढं ठाऊक आहे ते अप्पांना ठाऊक नाही. देह आणायचा म्हणजे फार दिवस लागणार होते, तिथल्या लोकांनी तिथंच विजेच्या भट्टीत उरकलं. आम्हा लिंगायतांत पुरतात. बसवून, कपाळाला भस्म लावून, हातात लिंग देऊन. अप्पांनी एकच विचारलं, "जाळलं?" मी मान डोलावली. मग ते मिलमध्ये गेले आणि मोटार चालू केली. आत दाणा नसताना दिवसभर मिल रिकामी चालत राहिली, आणि कुणाची बंद करायची हिंमत झाली नाही.

पहिल्या वर्षाचं स्मरण आलं. स्वामी गेले, जेवणं झाली, भांडी घासून झाली. घरात बसायला कुणाला जमेना. आईच उठली, ओल्या फडक्यानं टीव्ही पुसला आणि म्हणाली, "लाव गं त्याचा पिक्चर."

मी म्हणाले, "आई, आज? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. त्यानं काय रडका पिक्चर पाठिवला न्हाई. हसायचा पाठिवलाय. हसायचं."

आणि आम्ही हसलो. देवाशपथ सांगते, हसलो. ढोल लग्नाच्या मांडवात घुसला तेव्हा अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसू. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून गेल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं, जवान पोराच्या दिवसाला टीव्ही लावून खिदळतेत. निळी टोपी आली की मी चित्र थांबवायची. आई पडद्यावर त्या ठिपक्याच्या कपाळाला भस्माची तीन बोटं ओढायची, अप्पा हात जोडायचे. मग मी पुढे चालू करायची आणि भस्म तिथंच राहायचं, भस्माखालून ढोल, पूल, माणसं सरकत जायची. दरवर्षी असंच. मिल बंद झाली, टीव्ही बदलला, आई गेली. जाताना तिला कसली भीती नव्हती, म्हणत होती, मन्मथ दिसतो की दर साली, तशी मी बी दिसन कुठंतरी.

यंदा माझ्या मुलानं पुण्याहून आजोबांसाठी भिंतभर टीव्ही पाठवला. म्हणाला, "आई, तो ढोलाचा पिक्चर नेटवर आलाय, एकदम स्वच्छ कॉपी. आजोबांना तोच दाखव." मन्मथच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी नांदेडला तो लॅपटॉपवर लावून बघितला. सरळ शेवटावर गेले.

निळ्या टोपीचा माणूस गोरा होता. तांबूस दाढी, जाड मान, पन्नाशीचा. डावा खांदा उतरला होता, कारण त्यानं डाव्या हातानं एका चार-पाच वर्षांच्या पोरीचा हात धरला होता. आमच्या सीडीत ती पोरगी खालच्या अंधारात गेली होती.

मी लॅपटॉप मिटला. पोळ्या केल्या. सकाळच्या बसनं निघाले, लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि मला सारखं वाटत होतं की गाडी बंद पडावी. पर्समध्ये जुनी सीडी होती. मी ठरवलं होतं, नेट चालत नाही म्हणायचं आणि जुनंच लावायचं. खोटं बोलण्यात माझा हात धरणारं कोण आहे?

अप्पा धुतलेलं धोतर नेसून बसले होते. स्वामी येऊन गेले, जेवणं झाली. त्यांनी स्वतः खुर्ची पडद्यासमोर ओढली.

"अप्पा, जुनीच सीडी लावू या," मी म्हणाले. "आईचा हात लागलेली आहे."

"लाव की," ते म्हणाले.

लावली. त्या भिंतभर पडद्यावर आमचा पिक्चर म्हणजे नुसता धुरळा. अप्पा पुढे वाकले. मागे झाले. एक डोळा हातानं झाकला, मग दुसरा. त्यांचा चेहरा बदलला.

"काय गं हे? मला तर समदं धूसर दिसून राहिलं."

"सीडी जुनी आहे अप्पा."

"सीडी तीच हाय. माझे डोळे गेले परत." ते खुर्चीतून अर्धवट उठले. "डॉक्टरनं फसवलं मला. तरी म्हणत होतो, नको. आता पोरगा कसा दिसंल मला?" ते डोळे चोळायला लागले, जोरजोरात. चोळू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी त्यांचे हात धरले तर त्यांनी ते हिसडले. "सोड! आंधळ्याला धरून काय करतीस?"

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? रात्रभर मी एक खोटं शिवून आणलं होतं आणि ते पहिल्याच ओढीला उसवलं. मी त्यांचे हात खाली दाबून म्हणाले, "अप्पा, तुमचे डोळे चांगले आहेत. थांबा, दाखवते." आणि नेटवरचा लावला.

त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मग हळूहळू ओठ हलायला लागले. "आगं, पूल पिवळा हाय! आपण पांढरा समजून राहिलो होतो." "त्या बाईच्या कानातलं सुदीक दिसायलंय." "नदीत केवढं पाणी गं." ढोल गडगडत होता आणि माझे वडील लेकरासारखे टाळ्या वाजवत होते. मी भाषांतर करत होते का? आठवत नाही. रिमोट माझ्या हातात होता, शेवटच्या आधी बंद करता आला असता. मी केला नाही.

मैदान आलं. "थांबव," ते म्हणाले.

मी थांबवलं. भस्माची डबी त्यांच्या हातात उघडी होती. ते उठून पडद्याजवळ गेले आणि तीन बोटं तशीच हवेत राहिली.

"हे कोण?"

मी रिमोट मांडीवर ठेवला.

"ह्याची लेक हाय गं जवळ," ते म्हणाले. त्या पोरीकडे त्यांनी वाकून बघितलं. "मोठी झाली असंल आता." मग माझ्याकडे वळले. "आपण कुणाच्या माणसाला रडलो एवढी वर्षं?"

"अप्पा, माझं चुकलं. मला तेव्हाच नक्की वाटत नव्हतं. मी बोलले नाही."

त्यांनी ते ऐकलंसुद्धा नाही. "मंग आपला कुठं हाय? मागं घे."

मागे घेतलं. मग आम्ही ओळीनं बघायला लागलो. एक ओळ, थांबव. पुढची ओळ, थांबव. हजारो तोंडं, सगळी हसणारी, सगळी ढोलाकडे बघणारी. वरच्या रांगेत एक सावळा मुलगा दिसला, सडपातळ. "अप्पा, हा?" ते पडद्याला नाक लावून बघत राहिले. "न्हाई. हा न्हाई." जिन्यापाशी एक चष्मेवाला. "हा?" "न्हाई." खांबामागे अर्धा दिसणारा एक. त्याच्यावर मीच अडून बसले, केस तसेच होते, अगदी तसेच. "अप्पा, हाच असेल. खांबामुळं खांदा दिसत नाही, पण हाच." वीस वर्षं जो माणूस कशालाही हाव म्हणत आला, त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. "कशाला गं उगं. हा माझा न्हाई."

दहा-बारा सेकंदांचा तुकडा आम्ही तिन्हीसांजेपर्यंत बघितला. मन्मथ त्यात नव्हता. कापला गेला असेल. चित्राच्या पलीकडे, कॅमेरा पोचला नाही अशा रांगेत बसला असेल. किंवा तो गेलाच नसेल मैदानावर, आईचं रडणं थांबावं म्हणून बोलून गेला असेल फोनवर. मला वाटतं तेच खरं. तो तसाच होता.

शेवटी अप्पा म्हणाले, "होऊ दे पुढं." बँडवाला ढोलावर बसून रडतो, लोक त्याला उचलून घेतात, काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागली. ती सगळी नावं संपेपर्यंत ते उभे होते. मग खुर्चीत बसले.

"आज गेला गं," ते म्हणाले.

मन्मथ गेल्याचा फोन आला तेव्हा ते रडले नव्हते, मिल चालवत बसले होते. दरवर्षी हसताना डोळ्यांतून पाणी यायचं तेवढंच. आता ते रडले, तोंड उघडं टाकून, मोठ्यानं, नावानं हाका मारत. "मन्मथा, आरं मन्मथा." अभ्यासिकेतली मुलं दारात येऊन उभी राहिली. मी त्यांना हातानं जायला सांगितलं. अप्पांना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

बऱ्याच वेळानं ते शांत झाले. धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले, चोळले नाहीत. मग भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघितलं आणि मला जवळ बोलावून अगदी हळू म्हणाले, "हिला सांगू नको."

"नाही सांगत," मी म्हणाले.